शहाण्णव गुणिले पासष्ट

अशोक चौकात, सुताच्या गोदामावरच्या खोलीत
दुपारी तीनला लाइट जायची.
यूपीएस शिट्टी मारायचा आणि शकील नदाफ ओरडायचा,
'पद्मजा, सेव्ह!'

इराबत्ती शेठना सुताचा भाव फोनवर हवा होता.
कॉम्प्युटरवर माझं पान देखणं दिसायचं:
निळी चौकट, टिचकीसरशी उघडणारी यादी,
महिन्याचं अख्खं कॅलेंडर, रविवार तांबडे.
पान एकदाच लिहा, पुस्तकात म्हटलं होतं,
ज्याचा त्याचा फोन आपापल्या परीने दाखवेल.

आपापल्या परीने म्हणजे कसा,
ते टेबलावरच्या पाच फोनांनी दाखवलं.
एकाने बटणाची लिंक केली.
एकाने यादी उलगडली ती खालपर्यंत सांडली,
अंगठा दुखेस्तोवर वीस नंबर, चाळीस नंबर, दोन पदरी.
एकाने चौकटच गिळली.
आणि शेठच्या करड्या फोनने,
रुंदी शहाण्णव ठिपके, उंची पासष्ट,
एकतीस तारखांखाली मान टाकली.
पान मोठं आहे, एवढंही म्हणाला नाही.
नुसतं वाळूचं घड्याळ.

मराठी अक्षरं तर पाचांपैकी कुणालाच येत नव्हती.
चौकोन, चौकोन, चौकोन,
खिडक्या लावून घेतलेल्या चाळीसारखे.
म्हणून सूतसुद्धा रोमन लिपीत.

आठवडाभर मी कॅलेंडर बारीक करत बसले.

नायना जेकार्डाची कार्डं पाडायचे, चौतीस वर्षं.
रात्री ताटावर त्यांना सांगितलं.
कडक भाकरी मोडत त्यांनी विचारलं,
'हुका किती?'
हुका नाहीत हो, ठिपके. शहाण्णव.
'मग हुकाच की.'
चादरीवरचा मोर नॅपकिनवर घ्यायचा झाला
तर नवखा पोरगा काय करतो? मोर लहान करतो.
विणून येतं ते कोंबडं.
'मोर सोड. पिसातला एक डोळा घे.'
आणि तेलुगूत आईकडे पप्पू मागितलं.

पान मागायला येणारा प्रत्येक फोन
दारातच आपलं नाव सांगतो, मॉडेल नंबरासकट.
ते नाव ऐकायचं, आणि कुणाच्या ताटात काय, ते ठरवायचं.
करड्या फोनचं नाव आलं की
कॅलेंडरला म्हणायचं, तू गप्प, मी लिहिते.
तिथे मी तीनच ओळी लिहिल्या:
आज. काल. परवा.
एक, दोन, तीन दाबा.
फोनने एका श्वासात वाचल्या.
शकीलने खाली जाऊन दोन कट चहा सांगितले.

शनिवारी बेगम पेठेतून मोहसिनचाचांचा फोन.
'बेटी, उद्याचा भाव आजच सांगतं तुमचं मशीन?
दोन दाबलं. स्वस्त होता. मी थांबलो ना खरेदीचा!'
आमचा काल आणि त्यांचा कल
रोमन लिपीत एकाच स्पेलिंगचे.
शकील खुर्चीवरून घसरला हसून.
मला नाही हसू आलं. चाचांचे तीन हजार गेले होते.
त्याच संध्याकाळी शब्द काढले, नुसत्या तारखा ठेवल्या.
चौदा. तेरा. बारा.
पिसाच्या डोळ्यातली बुबुळं तेवढी.

मग फोन रुंद झाले, रंगीत झाले,
कॅलेंडर पूर्ण दिसू लागलं, तांबड्या रविवारांसकट.
नायनांचं पंचिंग मशीन किलोवर गेलं.
शकील पुण्याला.
करड्या फोनचं नाव मी यादीतून खोडलं नाही;
एका ओळीने काय जागा अडते.

सहा वर्षांनी, सर्व्हर बंद करायच्या आदल्या दिवशी
नोंदी चाळताना ते नाव दिसलं.
पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
तीन दाबलेलं.
त्या दिवसाचा भाव कुणी भरलाच नव्हता,
वर्षभर कुणीच भरत नव्हतं.
कोरी ओळ गेली होती त्याच्याकडे,
शहाण्णव ठिपक्यांत
नीट बसलेली.